जिथं सोडलं तिथं थांबणारं दार

दार बसवून झालं की बहुतेक जण ते नीट बंद होतंय का, एवढंच बघतात. माझी कसोटी वेगळी आहे. दार अर्धं उघडायचं आणि हात काढून घ्यायचा. ते तिथंच थांबलं तर काम झालं. आपोआप मिटायला लागलं किंवा सरकत जाऊन भिंतीला टेकलं, तर चौकट ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी, नाही. मग वरून पॉलिश कितीही भारी असो.

आमच्या घरात ही कसोटी फार महत्त्वाची आहे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई वॉकर घेऊन चालते. तिचे दोन्ही हात वॉकरवर असतात. दार ढकलून ती आत शिरेपर्यंत ते परत तिच्या अंगावर यायला लागलं, तर ते अडवायला तिला एक हात सोडावा लागतो. नेमकं तेव्हाच पडायचं भय असतं. खालच्या मधल्या खोलीतून आईच्या खोलीत जायचं जुनं दार असंच अंगावर यायचं. म्हणून ते चौकटीसकट काढून नवीन बसवायचं ठरलं.

आमचं घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३ फूट, हे आकडे आमच्याकडं पोरासोरांनाही पाठ असतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये, दोन्ही वेळा खालच्या मजल्यात पाणी शिरलं. जुनी चौकट सागवानी होती, पण सागवान झालं तरी त्याचे पाय म्हणजे लाकडाची उघडी टोकं. लाकूड बाजूनं जेवढं पाणी पितं त्याच्या कितीतरी पट टोकाकडून ओढून घेतं. त्यात ते पाय फरशीत गाडलेले. पेचकस टोचला तर वीतभर उंचीपर्यंत सहज आत जायचा. खालचे दोन स्क्रू नुसते अडकून होते आणि दाराचं सगळं वजन वरच्या बिजागरीवर आलं होतं.

आपल्याकडं दार कसं बसतं ते एकदा आठवून बघा. आधी गवंडी नुसती चौकट उभी करतो. तिच्या बाजूनं विटा चढतात, होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, मसाल्यात गाडले जातात, मग गिलावा होतो. ओल्या मसाल्यानं लाकूड फुगतं, विटांच्या दाबानं उभे, म्हणजे चौकटीच्या दोन्ही बाजूंची उभी लाकडं, आत दबतात. काही महिन्यांनी सुतार दार घेऊन येतो तेव्हा चौकटीला पोट आलेलं असतं. मग तो बिचारा दाराला रंधा मारून मारून त्या वाकड्या चौकटीत बसवतो. म्हणजे चूक एकाची आणि ती झाकायचं काम दुसऱ्याचं. दार त्या चौकटीत बसतं, पण सरळ कधीच नसतं.

प्रीहंग दारात हा क्रमच उलटा. चौकट, दार आणि बिजागऱ्या वर्कशॉपमध्येच, सपाट टेबलावर जोडून घ्यायच्या. चौफेर फट तिथंच सारखी करायची. घरी आल्यावर दाराला रंधा लावायचाच नाही. जोडलेला सेट गाळ्यात, म्हणजे भिंतीत दारासाठी सोडलेल्या जागेत, उभा करायचा आणि ओळंब्यात आणून पक्का करायचा, एवढंच काम उरतं. भिंत आणि चौकट यांच्यात मुद्दाम जागा सोडायची, म्हणजे भिंतीचा वाकडेपणा त्या जागेत मुरतो, चौकटीपर्यंत पोचत नाही.

मी गोकुळ शिरगावला एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेले जॉब मोजणं हेच माझं काम. त्यामुळं ही पद्धत मला लगेच पटली. जी गोष्ट मापात हवी ती टेबलावर करा, साइटवर फक्त जुळवणी करा. आमच्या सुतारमामांना मात्र आधी शंका होती. मामांनी आमच्या वडिलांच्या वेळेपासून घरातलं सगळं लाकूडकाम केलेलं. ते म्हणाले, "ताई, चौकट गवंड्यानं धरायची आणि दार सुताराचं. ह्ये दोन्ही एकदम कसं उचलायचं? वजन किती हुतंय बघा की."

वजनाचं त्यांचं खरंच होतं. सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या बांधकाम सूचनांमध्ये दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिमी सांगितली आहे. मोकळी रुंदी म्हणजे पल्ल्याची, उघडमीट होणाऱ्या फळीची, रुंदी नव्हे. दार काटकोनात उघडल्यावर पल्ल्याची जाडी वाटेत येते, समोरच्या बाजूला चौकटीत पल्ला टेकायची जी खाच असते तीही थोडी जागा खाते. तो हिशेब करून आम्ही ३८ इंच रुंद आणि ८१ इंच उंच पल्ला घेतला. ३५ मिमी जाडीचा फ्लश डोअर, म्हणजे सपाट पल्ला, बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या ग्रेडचा. एवढा पल्ला साधारण ४० किलोपर्यंत जातो. चौकट चार बाय अडीच इंची, सागवानी. म्हणून मामांनीच मार्ग काढला. वर्कशॉपमध्ये सगळं जोडायचं, फटी जुळवायच्या, मग पल्ला सोडवून चौकट आणि पल्ला वेगवेगळे आणायचे. इथं परत जोडताना त्याच भोकांत तेच स्क्रू. जुळवणी जराही बदलत नाही आणि उचलायलाही जमतं.

गाळा जुन्या दारापुरता, म्हणजे अडीच फुटी पल्ल्याचा होता. तो वाढवायचा म्हणजे वरचा लिंटेल, भिंतीचं वजन पेलणारी आडवी तुळई, आला. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच टेकेल असा नवा लिंटेल गवंड्यानं टाकला आणि तो पुरता पक्का होईपर्यंत आम्ही खाली हात लावला नाही. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, एवढंच सांगते. चौकटीच्या बाहेरच्या मापापेक्षा गाळा दोन्ही बाजूंना साधारण अर्धा-अर्धा इंच जास्त ठेवला.

चौकट आणायच्या आदल्या संध्याकाळी मी गाळा मोजला. रुंदी वर, मध्ये आणि खाली. उंची दोन्ही कडांना. दोन्ही कर्ण. मग फरशी. आमच्याकडं जुनी शहाबादी आहे आणि ती आईच्या खोलीकडं चढत जाते. एका उभ्याखाली फरशी ४ मिमी उंच होती. त्या बाजूचा पाय तेवढाच कापायचा, नाहीतर वरचा आडवा तिरका बसतो. शिवाय दार ज्या बाजूला उघडतं त्या सगळ्या पट्ट्यात फरशी बघायला लागते. दार बंद असताना खाली ८ मिमी फट दिसते आणि उघडताना मधेच फरशीला घासतं, असं पुष्कळ घरांत होतं. फरशी फक्त चौकटीखाली मोजली की हे हमखास.

लेव्हलपट्टीही आधी तपासून घ्या. भिंतीला लावून बुडबुडा बघायचा, मग पट्टी उलट टोकानं फिरवून त्याच जागी लावायची. बुडबुडा तिथंच आला तर पट्टी बरोबर. मामांच्या पेटीतली पट्टी दोन्ही वेळा वेगळं बोलत होती. मग आम्ही ओळंबाच वापरला. लोखंडी गोळा आणि दोरी, त्याला बिघडायला काही नाहीच.

आणि आता ती दोऱ्यांची तपासणी, जी मला सगळ्यात आवडते. गाळ्याच्या चारही कोपऱ्यांत, भिंतीच्या एकाच तोंडावर, एकेक खिळा ठोकायचा. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत एक दोरी ताणायची. दुसरी दोरी उरलेल्या दोन कोपऱ्यांत. मध्यभागी जिथं त्या एकमेकींवरून जातात तिथं त्या एकमेकींना जेमतेम शिवल्या पाहिजेत. शिवल्या तर गाळ्याच्या दोन्ही बाजू एका पातळीत आहेत. आमच्याकडं मधे ६ मिमी अंतर दिसलं. याचा अर्थ एक कोपरा बाकीच्या तिघांच्या पातळीतून त्याच्या दुप्पट, म्हणजे १२ मिमी, पुढं किंवा मागं आहे. भिंतीला पीळ आहे. अशा भिंतीच्या तोंडाला धरून चौकट बसवली तर पीळ चौकटीत येतो आणि दार वरच्या कोपऱ्यात टेकतं, खालच्या कोपऱ्यात बोटभर लांब राहतं. मग लोक म्हणतात दार वाकलं. दार बहुधा सरळच असतं.

मामांनी दोऱ्यांकडं बघून मान डोलावली, तरी त्यांचा हात सवयीनं भिंतीकडंच गेला. "भिंतीला धरून बसवू ताई, दिसायला बरं दिसतंय." मी म्हटलं, "मामा, ओळंब्याला धरा. भिंतीचं गवंडी बघून घेईल." भिंत नऊ इंची आणि चौकट चार इंची, त्यामुळं चौकट भिंतीच्या तोंडापासून जरा आत घेतली की तो १२ मिमीचा फरक गिलाव्यात सहज निघून जातो. बघणाऱ्याला कळतही नाही. मामांना ते पटलं आणि नंतर दिवसभर त्यांनी भिंतीकडं पाहिलं नाही.

आता खरं काम. सुरुवात बिजागरीकडच्या उभ्यापासून, दुसरीकडून नाही. सगळं वजन त्याच्यावर आहे. ४० किलोचा पल्ला, त्याचा मध्यबिंदू बिजागरीपासून साधारण ४८ सेंमी लांब. वरच्या आणि खालच्या बिजागरीत दीड मीटर अंतर असेल, तर वरची बिजागरी चौकटीतून जवळजवळ १३ किलोच्या जोरानं बाहेर ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोरानं आत दाबली जाते, दिवसरात्र. हेच अंतर एक मीटर ठेवलं तर ओढ १९ किलोच्या वर जाते. म्हणून बिजागऱ्या एकमेकींपासून जेवढ्या लांब तेवढ्या बऱ्या. आणि म्हणूनच वरच्या बिजागरीमागं चौकट भिंतीला सगळ्यात घट्ट पाहिजे.

उभा दोन्ही दिशांनी ओळंब्यात लागतो. डावी-उजवीकडं आणि पुढं-मागंही. दुसरी दिशा बरेच जण बघतच नाहीत. दीड मीटरमध्ये ५ मिमीचा कल असला तर एवढ्या पल्ल्याला कडीपाशी ७० ग्रॅमपर्यंत ढकल मिळते. ऐकायला काहीच नाही. पण तेल घातलेल्या चांगल्या बिजागरीला तेवढी पुरते आणि दार चालायला लागतं.

चौकट आणि भिंत यांच्यात पाचरी घालायच्या, प्रत्येक बिजागरीच्या बरोबर मागं. इथं मामांनी जे केलं ते मी डोळे भरून बघितलं. एका ठिकाणी ते कधीच एक पाचर घालत नाहीत. दोन घालतात, एक पुढून, एक मागून, निमुळती टोकं समोरासमोर. दोघी एकमेकींवर सरकतात आणि जाडी कमीजास्त होते, पण बाहेरच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतरच राहतात. एकच पाचर ठोकली तर तिचा तिरकेपणा उभ्याला लागतो आणि उभा पिळतो. मामा हातोडीनं टक टक करत, एका हातानं ओळंबा धरून, केसभर आत, केसभर बाहेर करत होते. ओळंब्याची दोरी आणि लाकूड यांतलं अंतर वर, मध्ये, खाली सारखं आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, "आता मोजा." मी मोजलं. तिन्ही ठिकाणी सारखं होतं.

मग स्क्रू. नायलॉनच्या प्लगसकटचे साडेपाच इंची फ्रेम फिक्सर, चौकटीच्या खाचेतून, पाचरीच्या जोडीतून आरपार भिंतीत. पाचर नसलेल्या जागी स्क्रू आवळला तर तो उभ्याला भिंतीकडं ओढतो आणि केलेलं सगळं पाण्यात. जुन्या घरात आणखी एक काळजी. आमच्या विटा जुन्या, सांधे चुन्यातले. भोक विटेच्या अंगात पडलं पाहिजे, सांध्यात नको, आणि ड्रिल हॅमरवर न ठेवता नुसतं फिरवायचं. हॅमरवर ठेवलं की जुनी वीट आतून चुरते आणि प्लग गोल फिरत राहतो.

आम्ही उंबरा ठेवला नाही, वॉकरची चाकं अडतात. आईनं विचारलं, "आणि हळदीकुंकू कुठं लावायचं?" पुढच्या दाराचा दगडी उंबरा आहे तसाच आहे, तिथं लाव म्हटलं. पण उंबरा नसला की चौकटीचे खालचे दोन्ही पाय मोकळे. म्हणून वरच्या आडव्यापाशी आत जेवढं माप आहे, बरोबर तेवढी पट्टी कापून खाली दोन्ही पायांमध्ये अडकवली आणि शेवटचा स्क्रू बसेपर्यंत काढली नाही. हे केलं नाही तर खाली फट रुंद, वर अरुंद, हे ठरलेलंच.

बिजागरीकडची बाजू पक्की झाल्यावर पल्ला चढवला. मग कडीकडचा उभा, पण आता ओळंब्यावर नाही, दाराच्या फटीवर. वर आणि दोन्ही बाजूंना ३ मिमी. मी कामावरचं फीलर गेज, फट मोजायच्या पट्ट्या, आणलं नव्हतं, ते कंपनीचं आहे. एक एमएम मायकाचे तीन तुकडे एकावर एक चिकटवले की ३ मिमीची गेज तयार. तो तुकडा दाराच्या कडेनं वरपासून खालपर्यंत सरकवायचा. अडला तिथं पाचर जरा सैल, ढिला पडला तिथं जरा घट्ट. पल्ला सरळ आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून त्यालाच पट्टी समजून दुसरा उभा जुळवायचा. प्रीहंगची सगळी मजा इथंच आहे.

उरलेल्या पोकळीत काय भरायचं यावर आमचा थोडा वाद झाला. मामांना सिमेंटचा मसाला हवा होता, मला पीयू फोम, म्हणजे डब्यातून मारायचा, फुगून घट्ट होणारा फेस. ओल्या मसाल्याचं पाणी चौकटीला लागू नये, हे माझं म्हणणं. "फोम काय धरून ठेवत न्हाई," हे त्यांचं, आणि तेही बरोबर. धरून ठेवतात ते स्क्रू आणि पाचरी. फोम फक्त पोकळी भरतो, दार आपटल्यावर येणारा पोकळ आवाज घालवतो. तो भरतानाही जपून. फुगताना तो उभ्याला आत ढकलतो. म्हणून कमी फुगणारा घ्यायचा, पोकळी अर्धीच भरायची, आणि दार बंद करून फटीत ते मायकाचे तुकडे ठिकठिकाणी अडकवून रात्रभर तसंच ठेवायचं. भिंतीवर आधी हलकं पाणी मारलं की फोम चांगला धरतो. कोरडा झाल्यावर बाहेर आलेला भाग कटरनं कापला आणि गवंड्यानं कडा पुऱ्या केल्या.

पल्ल्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला रंग न लावणं ही आपल्याकडची फार जुनी खोड. ती कड दिसत नाही म्हणून कुणी लावत नाही, आणि कोल्हापूरच्या पावसात दार फुगतं ते तिथूनच. आम्ही पल्ला चढवायच्या आधीच सहाही बाजूंना सीलर मारून घेतला. चौकटीच्या पायांच्या टोकांनाही दोन हात, आणि पाय फरशीत न गाडता फरशीच्या जरासे वर ठेवून खालची चीर सिलिकॉननं भरली. पुराचं पाणी आलं तर आमच्या हातात काही नाही, पण रोज फरशी पुसताना पाणी शिरणं तरी थांबेल.

हँडल गोल नॉबचं नको, लांब दांडीचं घ्या. आई ते कोपरानं दाबते. कडी आतून लावायची सोय मुद्दाम ठेवली नाही.

तुम्हाला असं दार करून घ्यायचं असेल तर ऑर्डर देताना एक गोष्ट जपा. डावं दार की उजवं, हे प्रत्येक दुकानदार आपापल्या पद्धतीनं सांगतो. कोण बाहेरून बघतो, कोण आतून. एकदा चौकट जोडून आली की बिजागऱ्यांची बाजू बदलता येत नाही. म्हणून तोंडी सांगू नका. गाळ्यासमोर फरशीवर खडूनं दार ज्या वाटेनं फिरेल ती कमान काढा, बिजागरीच्या बाजूला फुली करा आणि त्याचा फोटो पाठवा. सोबत तीन मापं द्या. गाळ्याची सगळ्यात अरुंद जागेची रुंदी, सगळ्यात कमी उंची आणि गिलाव्यासकट भिंतीची जाडी.